जर्मनकाकांची कान फुंकणारी

जर्मनकाकांइतक्या वेळा मेलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ते गोळी लागून मेले, पुलावरून पडून मेले, चुकीच्या बाटलीतलं पिऊन मेले, आणि एकदा तर नायकाचा कुत्रा मागे लागल्यामुळे गोठलेल्या तळ्यात बुडून मेले. हे सगळं आपला पॉपकॉर्नचा डबा अर्धा व्हायच्या आत. अमेरिकन सिनेमात जर्मन नटाला काम एवढंच असतं: गणवेश चढवायचा, ओरडायचं, आणि नायकाचा नेम किती चांगला आहे ते लोकांना दिसेल अशा जागी उभं राहायचं. काका हे काम इतकं मन लावून करायचे की एका दिग्दर्शकाने म्हणे त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू मरतोस तेव्हा लोकांना वाईट वाटतंय. जरा कमी माणसासारखा मर." हा किस्सा सांगताना काका स्वतःच हसायचे. अमेरिकेत आपल्या अभिनयाला मिळालेली तेवढी एकच दाद, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं खरं नाव लांबलचक होतं आणि मधल्या एका अक्षराला घसा खरवडावा लागायचा. आमची ईरा लहान असताना तिने त्यावर सोपा उपाय काढला, जर्मनकाका, आणि तोच आमच्या घरांच्या सगळ्या रांगेत रूढ झाला. आपल्याकडे एकदा काका म्हटलं की खरं नाव विचारायची पद्धत नाही. इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये ते मुलीकडे राहायचे. ही मुलगी, कात्रिन, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. कोणत्या गोष्टीत काय बिघडू शकतं याचा विचार ती दिवसभर पगार घेऊन करायची आणि संध्याकाळी घरी येऊन फुकट करायची. बायको गेल्यावर काका कॅलिफोर्निया सोडून तिच्याकडे आले. "मी जन्मलो त्या गावापासून जर्मनीतलं खरं शॉमबर्ग तासाभराच्या अंतरावर आहे," ते सांगायचे. "आयुष्यभर धडपडून मी एवढी मजल मारली." मग अंगणातला बर्फ उपसायला लागायचे. त्यांनी उपसलेल्या वाटेची कड इतकी सरळ असायची की शेजारी आमचा रस्ता उंदराने कुरतडल्यासारखा दिसायचा.

मुळात काका रंगभूमीचे. जर्मनीतल्या एका मध्यम गावाच्या नाट्यगृहात ते पगारी नट होते. पगारी म्हणजे खरोखर पगार, हक्काची रजा, म्हातारपणी पेन्शन. हे ऐकल्यावर नितीनचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहरा पाहण्यासारखा झाला. पुण्याला इंजिनिअरिंग करताना त्याला एकांकिका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. त्या एका बक्षिसाच्या जोरावर तो दर दिवाळीला 'मी खरं तर थिएटरमध्येच जायला हवं होतं' हे वाक्य काढतो.

"नटाला पेन्शन? आधी माहीत असतं तर बाबा मला नाही म्हणालेच नसते यार!"

"तुझे बाबा शहाणे होते," काका म्हणाले. "त्यांनी तुझं काम पाहिलं असणार."

नितीनला राग आला नाही. त्याला ते बाबांचं कौतुक वाटलं आणि त्याने ते फोन करून पुण्याला कळवलंसुद्धा.

अशी हक्काची नोकरी सोडून काका इकडे का आले, तर बायकोसाठी. ती अमेरिकन, त्यांच्या नाट्यगृहात कपडेपट सांभाळायची. "तिला ऊन हवं होतं आणि मला ती हवी होती," असा एका वाक्यात ते सगळा हिशेब उरकायचे. गावात राजा, न्यायाधीश आणि वेडा अशा सगळ्या भूमिका केलेल्या माणसाला कॅलिफोर्नियात पहिली भूमिका मिळाली तिचं नाव होतं 'दुसरा अधिकारी'. पहिला अधिकारी इंग्रजी बोलायचा. काकांनी फक्त दार उघडायचं, ओरडायचं आणि मरायचं होतं. तिथून पुढे त्यांची बढती झाली ती 'पहिला अधिकारी' इथपर्यंत.

उन्हाळ्यात आमच्या वस्तीत आजोबा लोकांची आवक वाढते. मुलांकडे व्हिजिटर व्हिसावर आलेले, दिवसभर करायला काही नसलेले, आणि समोर सापडलेल्या गोऱ्या माणसाला भारताचा इतिहास समजावून द्यायला उतावीळ झालेले. त्यातल्या प्रत्येकाने काकांना वस्तीतल्या तळ्याकाठी गाठून एकच गोष्ट सांगितली: आमचे वेद तुम्ही जर्मन लोक घेऊन गेलात आणि त्यात बघून विमानं बनवलीत. पहिल्यांदा काका गडबडले. दुसऱ्यांदा म्हणाले, "मी गॅरेजमध्ये शोधले. नाहीत." नंतर मात्र ते तयार झाले. एका आजोबांना त्यांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मग तुमच्याकडे दुसरी प्रत नव्हती?" ते आजोबा पुढे आठवडाभर तळ्याच्या दुसऱ्या बाजूने फिरायचे.

आमच्या मराठी मंडळाला अधूनमधून कोणाचा तरी सत्कार केल्याशिवाय चैन पडत नाही. शाली घाऊक आणलेल्या असतात, त्या संपवायच्या असतात. शेजारी हॉलिवूडचा नट राहतो हे नितीनने उत्साहाच्या भरात अध्यक्षांना सांगितलं आणि गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला काका प्रमुख पाहुणे झाले. एरवी 'मीटिंग पोस्टपोन करूया' म्हणणाऱ्या आमच्या अध्यक्षांना माइक दिसला की शुद्ध मराठीचा झटका येतो. त्या दिवशी त्यांनी आवाज लावून जाहीर केलं, "आज आपल्यामध्ये एक सुप्रसिद्ध नाझी उपस्थित आहेत!" नाझी अधिकाऱ्यांच्या भूमिका करणारे अभिनेते, असं त्यांना म्हणायचं होतं. पण कागदाची घडी नेमकी तिथेच पडली होती. सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला, कारण सुप्रसिद्ध हा शब्द ऐकल्यावर आमच्यात पुढचं कोणी ऐकत नाही. सगळ्या भाषणातला नाझी हा एकच शब्द कात्रिनला कळला आणि मुळात गोरी असलेली ती चुन्यासारखी पांढरी पडली. काका शांतपणे उठले. शाल घेतली, नारळ हातात तोलून पाहिला, आणि माइकवर म्हणाले, "हे काम मी आजवर पैसे घेऊन केलं. फुकटात पहिल्यांदाच करतोय." पुन्हा टाळ्या पडल्या. घरी जाताना गाडीत कात्रिन एक शब्द बोलली नाही, असं काकांनीच नंतर सांगितलं.

त्यानंतर काका मंडळाच्या नाटकाच्या तालमीला यायला लागले. आम्ही बोलावलं नव्हतं, पण नटाला तालमीचा वास लागतो म्हणतात. गणपतीत करायच्या नाटकाची तालीम अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये चालायची. नाटक अध्यक्षांनीच लिहिलेलं. दिग्दर्शनही त्यांचंच, तेही सोफ्यावर रेलून, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार. तालीम म्हणजे आधी चहा, मग बटाटेवडे, मग कोण का आलं नाही याची चर्चा, आणि वेळ उरलाच तर नाटक. पाठांतर कोणाचंच नव्हतं आणि त्यावरचा उपाय म्हणून मी होते. ज्याला भूमिका देववत नाही त्याला आमच्याकडे प्रॉम्प्टिंग देतात. "तू सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहेस ना, मग दुसऱ्यांच्या चुका काढणं तुला नॅचरली जमेल," अशा शब्दांत अध्यक्षांनी माझी नेमणूक केली होती.

पहिल्या दिवशी काकांनी सगळं निमूटपणे पाहिलं आणि शेवटी इंग्रजीत विचारलं, "यात तुमची सुफ्लोझ कोण?"

कोणालाच काही कळलं नाही. अध्यक्षांच्या पत्नी, मंगलवहिनी, वड्यांचं ताट घेऊन जिना उतरत होत्या. त्या थबकल्या.

"सूफ्ले? अहो, त्यात अंडं असतं ना? गणपतीचं नाटक आहे, बेसमेंटमध्ये अंडं नको हं. एगलेस चालेल का विचारा त्यांना."

नितीनने इमानेइतबारे भाषांतर करून विचारलं. काकांनी सावकाश विचार केला.

"एगलेस चालेल," ते म्हणाले. "पण पुस्तक घेऊन बसणारी हवी."

मग उलगडा झाला. सुफ्लोझ म्हणजे प्रॉम्प्ट करणारी बाई. मूळ शब्दाचा अर्थ फुंकणारी, हलकेच कुजबुजणारी. घरी आल्यावर मी नितीनला म्हटलं, म्हणजे आपल्या भाषेत कान फुंकणारी. माझं घरातलं नाव तेव्हापासून तेच पडलं. सासूबाईंच्या मते तर ते काम मी लग्न झाल्यापासून करतच होते, फक्त हुद्दा आत्ता मिळाला.

काकांच्या नाट्यगृहात ही पगारी जागा होती आणि ती बाई सुट्टीवर गेली तर नट कासावीस व्हायचे. आमच्याकडे प्रॉम्प्टर नटापेक्षा मोठ्याने बोलतो, त्यामुळे पहिल्या रांगेतल्या लोकांना प्रत्येक वाक्य दोनदा मिळतं आणि नाटक नीट समजतं. काकांनी मला एक खुर्ची दिली आणि ती कोणी हलवायची नाही असं सांगितलं. मग त्यांनी मला शिकवायला घेतलं. पूर्ण वाक्य द्यायचं नाही, पहिला शब्द द्यायचा. आवाजात राग नको, घाई नको, आणि दया तर अजिबात नको. पण खरी विद्या पुढेच होती. नट गप्प झाला तर तो पॉझ आहे की भोक आहे, हे ओळखायचं. "पॉझ नटाचा असतो, भोक देवाचं," काका म्हणायचे. "पॉझमध्ये नट श्वास घेतो. भोकात पडला की श्वास थांबतो. तोंडाकडे बघू नका, फ्राऊ देशमुख, छातीकडे बघा." फ्राऊ म्हणजे श्रीमती, आणि देशमुख म्हणजे मी. नवऱ्यासकट सगळ्या पुरुषांच्या छातीकडे टक लावून बघत बसणं हे आमच्या मंडळाच्या संस्कृतीत बसत नव्हतं, पण आठवड्याभरात मला ते जमायला लागलं. नितीनचे सगळे पॉझ भोकं निघाले.

एवढा नट हाताशी असताना त्याला भूमिका न देणं अध्यक्षांना कसं परवडावं? त्यांनी ताबडतोब नाटकात एक इंग्रज कलेक्टर घातला, जो दुसऱ्या अंकात गोळी खाऊन पडतो. काकांनी संहिता परत केली.

"मी निवृत्त झालोय," ते म्हणाले. "आता शनिवार-रविवारी मरत नाही."

अध्यक्ष रात्रभर जागले आणि कलेक्टरचा एक जर्मन संस्कृत पंडित केला. नाटकातल्या पुण्याच्या प्रोफेसरच्या घराण्याची एक प्राचीन पोथी या पंडिताच्या आजोबांनी जर्मनीला नेलेली असते. शेवटच्या अंकात पंडित येतो, पोथी प्रोफेसरच्या हातात परत देतो, पानभर भाषण करतो आणि चालत निघून जातो. ही बातमी तळ्याकाठी पोचली तेव्हा आजोबा लोकांत आनंदीआनंद झाला. उशिरा का होईना, वेद परत मिळणार होते.

काकांनी ते पानभर मराठी अक्षर न् अक्षर पाठ करायला घेतलं. अर्थ आधी इंग्रजीत समजून घेतला, मग उच्चार. 'ळ' वर त्यांचा भारी जीव जडला. 'वेळ', 'काळ', 'जवळ' असं म्हणत ते रस्त्याने फिरायचे. "सत्तर वर्षं जीभ उलटी वळते हे मला कोणी सांगितलंच नाही," म्हणायचे. आमच्या ईराचा 'ळ' 'ल' च होतो, कारण ती इथे जन्मली आणि मराठी प्रश्नाला उत्तर इंग्रजीत देते. तिला त्यांनी समोर बसवून 'बाळ' शिकवलं. माझ्या बारा वर्षांच्या आरडाओरड्याने जे झालं नव्हतं ते एका जर्मनाने आठवड्यात केलं, याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण जरा उशिराने.

जुलैच्या सुमाराला मला पहिल्यांदा शंका आली. काका आमच्या दारात उभे राहून ईराच्या सायकलबद्दल काही सांगत होते आणि मध्येच थांबले. हाताने गोल दाखवलं. पुन्हा दाखवलं. मी सवयीने त्यांच्या छातीकडे पाहिलं. श्वास थांबलेला होता.

"चाक," मी इंग्रजीत म्हटलं.

"चाक वाकडं झालंय," असं म्हणून ते पुढे बोलायला लागले, जणू मध्ये काही झालंच नाही. थँक्यू म्हणाले नाहीत. संवाद चालू असताना सुफ्लोझचे आभार मानायचे नसतात, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पुढे मग पत्रपेटी, चष्मा, मंगळवार, असे शब्द मी देत गेले आणि ते घेत गेले. मराठीचं पान त्यांना खडान्खडा येत होतं आणि घरातले शब्द निसटत होते.

एकदा तळ्याकाठच्या बाकावर त्यांनीच विषय काढला. समोर बदकं आणि त्यांच्याहून मोठे ते कॅनडाचे हंस सगळीकडे घाण करत फिरत होते. काका म्हणाले की शेवटच्या सिनेमात त्यांना दोनच वाक्यं होती. वाक्यं म्हणायची, मग गोळी. कॅमेरा सुरू झाला आणि पहिलंच वाक्य गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गेलं. सगळे ताटकळले. मग तो चुणचुणीत तरुण दिग्दर्शक खुर्चीतून उठला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, काही हरकत नाही, आपण वाक्याच्या आधीच गोळी घालू.

"आणि घातली," काका म्हणाले. "माझं शेवटचं काम ते. लोक म्हणाले, छान मेलात."

ते माझ्याकडे वळले.

"मला एकदा माझं वाक्य पुरं करून जायचंय, फ्राऊ देशमुख. स्टेजवरून. माझ्या पायांनी चालत." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही खुर्ची सोडणार नाही ना?"

"नाही सोडणार," मी म्हटलं.

कात्रिनला अंदाज होताच. विमेवाल्यांना असतो. ती प्रयोगाच्या आधी आठ दिवस आमच्याकडे आली आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसली. डॉक्टरांनी नाव सांगितलं होतं त्या आजाराचं. तिची बदली नॉर्थ कॅरोलायनाला, मॉरिसव्हिलला होत होती आणि तिथे अशा लोकांची देखभाल करणारी एक चांगली जागा तिने पाहून ठेवली होती. राहिला प्रश्न नाटकाचा.

"एवढ्या लोकांसमोर ते थांबले तर?" तिने विचारलं. "तुम्ही सगळे घरी जाल. ते माझ्याबरोबर गाडीत बसतील. मला ते नकोय."

"त्यांना हवंय," मी म्हटलं.

"मला माहितीय त्यांना काय हवंय. मी त्यांची मुलगी आहे." मग ती उठली. "मी आत उभी राहीन. तुमच्या शेजारी. पडदा पाडायला सांगायची वेळ आली तर मी सांगेन."

यावर मी नाही म्हणणार तरी कशी? मी फक्त एवढंच म्हटलं की खुर्ची एकच आहे.

गणपतीचा प्रयोग एका हायस्कूलच्या सभागृहात झाला. आरती लांबली, जेवण त्याहून लांबलं, आणि पोटभर मसालेभात खाऊन सुस्तावलेला प्रेक्षक समोर आला. पहिले दोन अंक आमच्या लौकिकाला साजेसे झाले. नितीनने प्रोफेसर म्हणून प्रवेश केला आणि लगेच भोकात पडला. नाचता येईना अंगण वाकडं तसं, दोष त्याने कॉलर माइकला दिला. कात्रिन माझ्यामागे उभी होती, अंगात कोट, हातात गाडीची किल्ली.

शेवटच्या अंकात काका आले. मी ते कधी विसरणार नाही. इतके दिवस बेसमेंटमध्ये पाहिलेला म्हातारा तो नव्हताच. ते नुसते चालत आले आणि मागच्या रांगेतली कुजबुज बंद झाली. नितीनसमोर उभे राहिले, लाल कापडातली पोथी पुढे केली आणि म्हणाले, "ही पोथी तुमची आहे. ती परत करायची वेळ आली आहे." 'वेळ' असा वळला की सभागृहातून 'वा!' आलं. "माझ्या आजोबांनी ती नेली तेव्हा..."

आणि थांबले.

मी छातीकडे पाहिलं. भोक.

"घरात," मी फुंकलं. ते हलले नाहीत. "घरात," मी पुन्हा म्हटलं, तितक्याच आवाजात. मागे किल्ली वाजली. कात्रिन एक पाऊल पुढे आली. पडदा पाडायला सांगणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात काकांनी श्वास घेतला आणि बोलायला लागले. जर्मनमध्ये.

खणखणीत, लयदार, हात किंचित वर उचलून. प्रेक्षकांना ते नाटकातलंच वाटलं. पंडित जर्मन, मग जर्मन बोलणारच! माझ्या हातात मात्र मराठीचं पान होतं आणि ते आता रद्दी झालं होतं. एवढ्या दिवसांच्या शिकवणीनंतर माझ्याकडे त्यांना द्यायला एक शब्द नव्हता. आणि चार-पाच वाक्यांनी ते पुन्हा थांबले. पुन्हा छाती थांबली.

माझ्या कानामागून आवाज आला. अगदी हलका, एकच शब्द, जर्मन.

काकांनी तो उचलला आणि पुढे गेले. आणखी एकदा अडले, पुन्हा एक शब्द मागून गेला. त्यात राग नव्हता, घाई नव्हती. मी मान वळवली. कात्रिनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जरासुद्धा हलत नव्हता. मी उठले आणि तिला खुर्ची दिली. ती बसली, वडिलांवरून नजर न काढता.

काकांनी भाषण पुरं केलं, पोथी नितीनच्या हातात ठेवली आणि थांबले. हा मात्र खरा पॉझ होता. मग वळले आणि चालत बाहेर गेले, स्वतःच्या पायांनी. नितीन आ वासून उभा होता, त्याला पुढचं वाक्य मी दिलं. ते कोणाला ऐकू गेलं नाही, कारण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

नंतर अध्यक्ष भेटेल त्याला सांगत सुटले की तो पॅसेज मुद्दामच जर्मनमध्ये ठेवला होता, ऑथेंटिक वाटावं म्हणून. आणि तळ्याकाठचे एक आजोबा काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मला सगळं समजलं. शेवटी मूळ संस्कृतच ना!" ते भाषण कशाचं होतं, हे मला कात्रिनने विंगेतच सांगितलं होतं. जर्मनीत नाताळात लहान मुलांसाठी नाटकं होतात. त्यातल्या एकात काका बेकरीवाले होते आणि केक उंदरांना का मिळणार नाही हे उंदरांना समजावून सांगायचे. कात्रिन लहानपणी जेवायची नाही तेव्हा ते हेच भाषण स्वयंपाकघरात करायचे, म्हणून तिला पाठ. आजोबांना मी काही बोलले नाही. वेद परत मिळाल्याच्या आनंदात होते बिचारे.

"मी दोन वर्षं त्यांच्या चुका दुरुस्त करतेय," कात्रिन डोळे पुसत म्हणाली. "नाही पप्पा, ते नाही, हे. रोज. नुसता शब्द द्यायचा असतो, हे मला सुचलंच नाही." त्यावर मी तिला मिठी मारली. जर्मन विमा अधिकाऱ्याला मिठी मारायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं.

आता काका मॉरिसव्हिलला आहेत. त्या देखभालीच्या जागेत नाहीत, कात्रिनच्या घरीच. ती अर्धे दिवस घरून काम करते. तिथेही मराठी माणसं खच्चून भरली आहेत आणि तिथल्या मंडळाकडेही शाली शिल्लक असणारच, तेव्हा त्यांचं कसं होणार याची मला काळजी नाही. काळजी नाही हे खोटं आहे. रोज वाटते. ईरा त्यांच्याशी व्हिडिओवर बोलते, आणि 'आई, ही डिडन्ट नो मी टुडे' असं एखाद्या दिवशी सहज सांगून वर निघून जाते.

ते इथून गेले तो दिवस नोव्हेंबरातला होता. सामानाचा ट्रक पुढे गेला होता. काका गाडीच्या दाराशी उभे होते, टोपी नीट, मफलर नीट. मी आणि नितीन बाहेर आलो. मी घाईत कोट न घालताच आले होते. काका माझ्याकडे बघून हसले आणि त्यांनी हात पुढे केला.

"फ्राऊ..." ते म्हणाले, आणि थांबले.

मी छातीकडे पाहिलं नाही, खरं तर बघायची गरजच नव्हती. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर फिरत होते, एखाद्या बंद घराची बेल वाजवावी तसे.

"देशमुख," मी म्हटलं. हलकेच, राग नाही, घाई नाही.

"फ्राऊ देशमुख, आत जा, थंडी आहे," ते एका दमात म्हणाले, गाडीत बसले आणि काच वर झाली.

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत नितीन हात हलवत होता. मग म्हणाला, "काका अजून काय शार्प आहेत ना यार!"

मी हो म्हटलं, आणि आत येऊन खूप रडले.